तात्यांची बॅच

"सर, काल फिजिक्सची टेस्ट होती का?"

रोज सकाळी दिगंबर तात्या उष्ट्याच्या पिंपात डोकावून मला हे विचारायचे. शेजारच्या मेसच्या बाया पोरांचे डबे त्यांच्या फाटकापाशी त्या पिंपात रिकामे करत. पिंप काठोकाठ भरलं की पेपर अवघड गेला आणि पोरं जेवली नाहीत, असा तात्यांचा होरा. निम्म्या वेळा तो चुकायचा, कारण पेपर सोपा असायचा आणि भाजी खारट. पण मी लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, म्हणून खापर माझ्याच डोक्यावर फुटायचं.

तात्या डुकरं पाळत. हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "शिवी हाय ती सर. बॅच म्हना." गोठा त्यांनी चांगला गावाबाहेर बांधला होता, पण क्लासेस वाढले आणि गावच त्यांच्या दारात आलं. तीन बाजूंना हॉस्टेलं, चौथीला मी. वासाच्या तक्रारी सुरू झाल्या. तात्या कुणाशी भांडले नाहीत आणि हललेही नाहीत. उष्टं उकळल्याशिवाय ते बॅचपुढे ठेवत नसत. उकळायला गॅस बॅचच्याच घाणीचा, आणि त्यातून उरलेला गाळ खत म्हणून लिंबाच्या झाडांना. आम्ही टँकरसाठी रांगा लावायचो त्या उन्हाळ्यातही हा माणूस गोठा धुतलेलं पाणी गाळून पुन्हा गोठा धुवायचा. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. आमच्या हिला फक्त वास यायचा.

तात्या झोपायचे गोठ्याला लागून, पत्र्याखाली. भूकंपात त्यांचं गावाकडचं मातीच्या छपराचं, माळवदाचं घर बसलं होतं. "पत्रा पडला तर टेंगूळ येतं, माळवद पडलं तर मानूस जातं," एवढं बोलून ते विषय मिटवायचे.

एका जूनमध्ये जळकोटचे एक गृहस्थ ट्रंक घेऊन हॉस्टेलऐवजी तात्यांच्या फाटकात शिरले. मी कंपाउंडपाशीच उभा होतो.

"बॅचमधी जागा हाय का जी?"

"हाय की," तात्या वाकून हौद घासत म्हणाले. "वजन किती भरंल?"

गृहस्थांनी गोंधळून मागे उभ्या लेकीकडे पाहिलं. "लई न्हाई. खातच न्हाई नीट."

"हितं टाका. चार म्हैन्यात वळखू येनार न्हाई."

तेवढ्यात आतून बॅच ओरडली. गृहस्थ ट्रंकेसकट मागे सरले. पोरगी पोट धरून हसली. तात्या इतके ओशाळले की ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेऊन तिला हॉस्टेलपर्यंत सोडून आले. तेव्हापासून येता-जाता ती त्यांना "आजोबा, बॅच कशी आहे?" म्हणून विचारायची.

दिवाळीनंतर तिचा डबा भरलेलाच परत यायला लागला. डब्यांवर नावं असत, त्यामुळे तात्यांच्या लगेच ध्यानात आलं.

"पोरगी झुरून राहिली सर," ते म्हणाले. "माजी बॅच पोरांच्या उष्ट्यावर जगती, ते ठीक हाय. पर पोरांच्या उपासावर न्हाई जगवायची मला."

त्यांनी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि भाकरी-चटणी फडक्यात बांधून मला सोबत घेतलं. वासाच्या भीतीने वॉचमनने त्यांना आत सोडलं नाही. ते पायरीवर बसले. मी पोरीला बाहेर बोलावलं. ती खरंच वाळली होती.

"भूक नाही आजोबा. मार्क कमी पडले. बाबा फोनवर लई बोलले."

तात्यांनी फडक्याची गाठ सोडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माज्या लेकीला मी बी असाच बोललो हुतो. रुसून उपाशी निजली. म्हनलं, निजू दे, सकाळी भूक लागली की खाईल. पहाटं भूकंप झाला."

इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना लेक होती हे मला माहीत नव्हतं.

पोरीने भाकरी मोडली. तात्या एकेका घासाकडे बघत बसले. चतकोर उरली तेव्हा ती थांबली. त्यांनी ती उचलून चटणीत बुडवली आणि तिच्यापुढे धरली.

"एवढी खा माय," ते म्हणाले. "ही तिच्या वाटची हाय."