पितरांच्या ताटातला लसूण

छुसॉकच्या, म्हणजे कोरियातल्या पितरांच्या सणाच्या सकाळी मुनसिकने वडिलांच्या फोटोपुढे ताट मांडलं, पितरांना आत येता यावं म्हणून दार किलकिलं केलं आणि मोडांच्या भाजीवरचं झाकण उचललं. मागे बाळाला पाठीशी बांधून उभ्या असलेल्या त्याच्या बायकोच्या, बोमीच्या, नाकात लसणाचा वास घुसला.

आपल्याच हातांना येत असेल, असं तिला वाटलं. लग्न होऊन या खानावळीत आल्यापासून तिच्या केसांना, इतकंच काय, बाळाच्या टोपीलाही तो वास यायचा. तिने हात हुंगले. साबणाचा वास. मग वाकून बघितलं, तर पालकात लसूण, नेच्याच्या कोंबांत लसूण.

पितरांच्या ताटात लसूण नि तिखट घालत नाहीत, हे त्यांच्या गुन्सान शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लसणाच्या वासाने भुतं पळतात. आणि पितर कितीही आपले असले तरी शेवटी भुतंच.

आणि प्रश्न एका ताटाचा नव्हता. बंदरावरची गोदी बंद पडल्यापासून खानावळीत गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. पितरांची ताटं डब्यांत भरून विकायची कल्पना बोमीचीच. अर्ध्या वस्तीने कालच डबे नेले होते. ते नावाजले गेले तर खानावळ तरणार होती. नाहीतर मुनसिकने दूरच्या शहरात कामाला जायचं आणि हिने सासूबरोबर इथे राहायचं, असं ठरलं होतं. धिरडी बोमीने घातली होती, पण भाज्यांना सासूबाई कुणाला हात लावू देत नसत. आणि पितरांच्या आधी चव कोण घेणार?

ती स्वयंपाकघरात धावली. सासूबाई, म्हणजे मालसुनबाई, तवा घासत होत्या.

"आई, भाज्यांत लसूण आहे!"

"असेल."

"असेल काय? डब्यांतही?"

तवा थांबला. "डब्यांत? अगं बाई... सवयीने पडला हातून."

"सवय कसली? पितरांचं ताट दरवर्षी तुम्हीच करता ना?"

मालसुनबाईंनी बाहेर डोकावून पाहिलं. मुनसिक जमिनीला कपाळ टेकून पडला होता. त्या हळूच म्हणाल्या, "आपल्या ताटात मी दरवर्षी घालते. या दिवसांत मुनसिकचं नाक चोंदलेलं असतं, त्याला कळत नाही."

लग्नानंतरचा पहिला सण बोमीने इस्पितळात काढला होता. हे ताट ती प्रथमच बघत होती. "पण का?"

"जिवंतपणी मुनसिकचा बाप पिऊन घरी आला की आधी ताट भिंतीवर जायचं, मग मी. आता मेल्यावर आमंत्रण देऊन बोलावू?"

बाहेरून मुनसिकचा आवाज आला, "बाबा, पोटभर जेवा."

"मी सगळ्यांना फोन करते," बोमी म्हणाली.

"आणि काय सांगशील? तुमचे पितर दाराबाहेर उपाशी उभे आहेत? पूजा झाली की लोक सगळं एका वाडग्यात कालवून वर तिखट टाकतात. कळतंय कुणाला!"

"वास येतो, आई!"

"ज्याला यायचा त्याला आला. तो गेला पळून."

बोमीने फोन लावले, पण कोणी उचलेना. सगळे कपाळं टेकून पडले असणार. तेवढ्यात तिचाच फोन वाजला. प्योकाकू! प्यो घराण्याच्या थोरल्या सूनबाई. त्यांच्या शब्दावर वस्तीने डबे घेतले होते.

"बोमी, भाजीत लसूण आहे."

"काकू, पाया पडते. नवं करून आत्ता पाठवते..."

"गप्प बस आणि ऐक. माझ्या सासूला जाऊन वर्षं झाली. पण ताट मांडलं की ती मानेवर डोळे रोखून बसल्यासारखं वाटायचं. धिरडं जाड झालं, फळ वाकडं सोललं... आज पहिल्यांदा मान हलकी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे नववर्षाला पितरांना वाढायचं आमचं ताट तुझ्याकडे धर. जावेचंही. आणि उद्या मी तुला भर बाजारात झापणार आहे, माझ्या नवऱ्याला दाखवायला. मान खाली घालून ऐकून घे. पण लसूण कमी केलास तर बघ!"

दुपारपर्यंत आणखी सुनांचे फोन आले. सगळ्या संडासात दडून बोलाव्यात तशा कुजबुजत होत्या. खानावळ तरली होती. फक्त एकट्या राहणाऱ्या, मा आडनावाच्या आजोबांनी फोनवर विचारलं, "पोरी, मग माझी म्हातारी आलीच नसेल का गं?"

मालसुनबाईंनी बाजूला उभं राहून ऐकलं, पातेलं चढवलं आणि आजोबांपुरत्या भाज्या पुन्हा केल्या. बिनलसणाच्या. डबा देऊन बोमी परतली तेव्हा त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"मी मेले की माझं ताट तूच करशील ना?"

"असं काय बोलता, आई? करीन की."

"लसूण घालशील?"

'नाही' म्हणायला बोमीने तोंड उघडलं. पण बाळाला वरचं दूध का पाजतेस, असं सासूबाई रोज विचारत. बाळ रडलं की "आई शिकलेली आहे ना" असंही म्हणत. उत्तराला किंचित उशीर झाला.

मालसुनबाईंनी बराच वेळ ओटा पुसला.

"पालकात तरी नको घालूस," त्या म्हणाल्या. "पालक मला आवडतो."