सत्यनारायणाचं टेबल

धाकटी जाऊ हेमा दुकान काढते आहे, ही बातमी द्वारकाबाईंना त्यांच्या नवऱ्यानेच, म्हणजे श्रीनिवासरावांनी, पेढा पुढे करून सांगितली. पेढा चांगला होता, म्हणून तो खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "कसलं दुकान?"

"पूल टेबलांचं. हिरव्या बनातीचं टेबल असतं, काठीनं चेंडू कोपऱ्यातल्या भोकात ढकलायचे. काठ्या, खडू, चेंडू, सगळं तिच्याकडे मिळणार. या वयात धाडस लागतं हो."

धाडस हा शब्द द्वारकाबाईंना पेढ्यानंतर कडू लागला. एक्क्याण्णव साली त्यांना तयार ब्लाउजचं दुकान काढायचं होतं. गाळा पाहिला होता, पाटीचा रंगही ठरला होता. तेव्हा याच गृहस्थांनी वर्तमानपत्रामागून 'आपल्या घरात दुकानदारी कुणी केलेली नाही' एवढं म्हणून पान उलटलं होतं. कोणतं पान, तेही द्वारकाबाईंच्या लक्षात होतं. खेळाचं.

उद्घाटनाला सत्यनारायण होता. कोथरूडमधलं ते झकपक दुकान, काचेमागे ओळीनं उभ्या काठ्या, आणि दारात गुलाबपाणी शिंपडत खुद्द श्रीनिवासराव. येणारा प्रत्येक जण हेमाचं कौतुक करत होता. थोरली सून म्हणून आजवर घरातलं प्रत्येक कार्य ज्यांच्या शब्दावर चालायचं, त्या द्वारकाबाईंना एकानं फक्त चपला कुठे काढायच्या ते विचारलं.

एवढ्यात चौरंग घरीच राहिल्याचं लक्षात आलं. गुरुजींना पुढे आणखी एक पूजा होती आणि ते दर मिनिटाला घड्याळाकडे बघत होते. हेमाचा नवरा संजय स्कूटरची किल्ली शोधू लागला.

"कशाला धावता भावजी?" द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या. "एवढा मोठा चौरंग समोर आहे की."

हेमा चाचरली. "वहिनी, वरची बनात नाजूक असते हो."

"देवापेक्षा का?"

गुरुजींनी मान डोलावली आणि पूजा टेबलावर मांडली गेली. केळीचे खांब कुठे बांधायचे हा प्रश्न आला, तोही द्वारकाबाईंनीच सोडवला. खांब त्यांनी आधी बनातीवर आडवे घातले, त्यांचे बुडखे सुरीनं नीट सारखे केले आणि मग चार कोपऱ्यांतल्या चार भोकांत एकेक उभा केला. भोकं त्यासाठीच पाडल्यासारखे ते फिट्ट बसले. लोकांनी फोटो काढले. केळीचा चीक कपड्याला लागला की जन्मात निघत नाही, हे गडबडीत हेमा विसरली. द्वारकाबाई विसरल्या नव्हत्या. त्या काहीच विसरत नसत.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजेला त्या आपलं पातेलं न्यायच्या निमित्तानं हजर राहिल्या. पूजा उचलली. हिरव्या बनातीवर चिकाचे तपकिरी ओघळ, कलशाचं गोल कडं आणि पंचामृताचा एक नकाशा उमटला होता. संजय खाली बसला. दुकानातलं सगळ्यात देखणं टेबल ते. आता कोण घेणार? द्वारकाबाईंना कितीतरी वर्षांनी इतकं हलकं वाटलं.

हेमानं मात्र डोळे पुसले आणि म्हणाली, "बरंच झालं. देव बसला ते टेबल विकायचं नसतंच. ते घरात राहायला हवं, आणि घर म्हणजे थोरल्या जावेचं. वहिनी, नाही म्हणू नका, प्रसाद आहे."

प्रसाद नाकारणाऱ्या राजाचं काय झालं, ते कालच कथेत ऐकलं होतं. संध्याकाळी सहा माणसांनी टेबल चार जिने चढवलं. सोफा झोपायच्या खोलीत गेला, जेवणाचं टेबल गॅलरीत. श्रीनिवासरावांचा सगळा कट्टा रोज पाच वाजता हॉलमध्ये भरू लागला. द्वारकाबाई चहा करत आणि मनातल्या मनात जावेला चार शब्द सुनावत.

आठवड्यानं बाणेरचं एक जोडपं आलं. टेबल घरात कसं दिसतं ते पाहायला हेमानं त्यांना पाठवलं होतं. आयतीच संधी होती. गॅलरीतलं जेवणाचं टेबल नुसतं दाखवलं असतं, तरी हेमाचं गिऱ्हाईक तिथूनच परत फिरलं असतं. द्वारकाबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात ती बाई म्हणाली, "हॉल फारच लहान वाटतो हो तुमचा."

द्वारकाबाईंनी तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं. "लहान? इथे रोज आठ माणसं खेळतात. घरात माणसं टिकवायची तर असं काहीतरी लागतं. तुमच्याकडे कोण येतं?"

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं.

"आणि हे डाग?" नवऱ्यानं विचारलं.

"सत्यनारायणाचे आहेत. दुकानात असं मिळणार नाही. कोरं घ्या आणि घरी पूजा घाला."

त्यांनी त्याच दिवशी हेमाच्या दुकानातून कोरं टेबल घेतलं. पुढच्या आठवड्यात औंधचे डॉक्टर आले, मग एका सोसायटीची कमिटी. द्वारकाबाई काठी कशी धरायची तेही दाखवू लागल्या. खडूच्या डब्या त्यांनी हेमाकडून मागवून शोकेसमध्ये मांडल्या.

महिन्याभरानं हेमाचा फोन आला. "वहिनी, तुमच्याकडे आलेलं माणूस रिकामं जात नाही. आज दोन वाजता दोघांना पाठवू?"

श्रीनिवासराव पाहुण्यांचे कप विसळत होते. द्वारकाबाईंनी घड्याळ पाहिलं.

"एक ते चार कुणाला पाठवू नकोस," त्या म्हणाल्या. "आम्ही बंद असतो."