लाइसानीची डुलकी आणि खात्याची विश्रांती

लेवुका बंदरातल्या आमच्या होडी परवाना कार्यालयात लाइसानी नावाच्या कारकून बाई जेवणानंतर टेबलावर डोकं टेकून झोपलेल्या आढळल्या. बाब गंभीर होती. त्या वेळी कार्यालयात बाकीचे सगळेही झोपलेले होते, आणि तरीही कुणीतरी पाहिलं.

बाकीच्यांच्या झोपेला पूर्वजांची मान्यता आहे. यांगोना नावाच्या झुडपाच्या मुळांची पूड पाण्यात कालवायची, लाकडी पात्राभोवती मांडी घालायची, टाळी वाजवून करवंटी रिकामी करायची. जीभ बधिर होते, पापण्या मिटतात. ही परंपरा. लाइसानीला मात्र फिट्स येतात आणि त्यावरच्या गोळ्यांनी दिवसा झापड येते. हा आजार, आणि आजार म्हटला की चौकशी आली.

"बाई, तुम्ही कामावर झोपता," अपेनिसा साहेब म्हणाले.

"गोळीची झापड आहे, साहेब. सामानाच्या खोलीत चटई टाकू द्या. घटकाभर पडले की संध्याकाळपर्यंत काम ओढते. नाही पडले तर फिट येईल अशी धास्ती असते."

"त्यापेक्षा आमच्याबरोबर करवंटी घ्या. मग झोपलात तरी कोण बोलणार?"

"डॉक्टरांनी बजावलंय, गोळ्या चालू असताना यांगोना नको."

"म्हणजे न पिता झोपणार." साहेब खिन्न झाले. "तुम्ही कुठल्या नियमात बसतच नाही हो."

झोप आजाराची की आळसाची, हे डोळ्यांनी पाहून ठरवायला समिती नेमली. आजाराची ठरली तर चटई, आळसाची ठरली तर घरी. आता यांगोनाशिवाय बैठक सुरू करणं म्हणजे बैठकीचा अपमान. लाइसानीला समोर बसवून पात्र मांडलं गेलं.

समितीत तिचा आतेभाऊ रुसिआते होता. आमच्यात आतेभावानं चेष्टा केली नाही तर नातं तुटलं की काय असं वाटतं.

"झोप की गं बये. रोज घोरतेस, आज परीक्षेलाच टक्क जागी?"

"नोकरी जायची वेळ आलीय, अशात डोळा लागतो होय रे? तू झोप मेल्या. तुला पगारच त्याचा."

त्यानं लगेच ऐकलं. साहेबही कलंडले. तेवढ्यात होडीवाल्यांची रांग लागली. लाइसानीनं एकटीनं सगळ्यांचे परवाने दिले.

समिती जागी झाली आणि अहवाल आला: निरीक्षणकाळात बाई अखंड जाग्या होत्या, सबब झापड सिद्ध होत नाही. यापुढे झोपल्यास तो आळस धरून कामावरून कमी करावं. चटई नामंजूर.

"साहेब, पण झोपला होतात तुम्ही."

"त्याची दखल घेतलीय. निरीक्षण फार थकवणारं असतं. चटई समितीला मंजूर. तुम्ही दाराशी बसा, वरिष्ठ आले तर उठवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराशी बसल्याबसल्या लाइसानीची मान कलली. तक्रार एका सभ्य गृहस्थानं केली. तो परवान्यासाठी बाकावर थांबला होता आणि नुकताच जागा झाला होता. लाइसानी आता घरी असते.

तुम्हीही हे वाचता वाचता मध्येच पापणी मिटलीत. असू द्या. तुम्हाला कसला आजार नाही. तुमच्या झोपेला विश्रांती म्हणतात.