भरणीतली तेलविहीर

दिवाळीच्या पहाटे सेतुराम स्वयंपाकघरात गुडघे टेकून तेलाच्या मोठ्या मातीच्या भरणीत डोकावत होते. तिळाचं तेल तळाला गेलेलं. उंदरांच्या भयाने भरणी गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेली, तेव्हा कलती करायची सोय नाही. आणि लांब दांड्याची पळी आत्ताच त्यांच्या हातून आत पडली होती. परसात नवा जावई वैद्यनाथ पाटावर बसून होता. पहिल्या दिवाळीला जावयाच्या डोक्याला तेल लागलं नाही, तर अख्ख्या तंजावरात तोंड दाखवायची पंचाईत.

वैद्यनाथ आसामात तेल कंपनीत होता. आदल्या संध्याकाळी कॉफी पिता पिता त्याने सांगितलं होतं, की तेलाची जमीन म्हातारी होऊन हात आखडू लागली की तिच्यात पाणी सोडतात. पाणी उरलंसुरलं तेल रेटत आणतं. सेतुरामांनी तांब्याभर पाणी भरणीत ओतलं. तेल खरोखर वर आलं. मिशीत हसत त्यांनी ते वाटीने काढलं आणि मिरे टाकून तापत ठेवलं. पण वाटीच्या तळाशी पाणी दडलेलं. ते असं तडतडलं, की मिरे आढ्याला जाऊन चिकटले. बघणारे सांगतात, अजून तिथेच आहेत.

सेतुरामांनी खिडकीतून सहज विचारल्यासारखं केलं. जावयाला ते तमिळ वळणाने मापिळे म्हणत.

"मापिळे, तुमच्याकडे तेलाबरोबर पाणीही आलं तर?"

"आणखी पाणी सोडतात, मामा."

सेतुराम गोंधळले, पण जावयाचा शब्द. त्यांनी घागर रिकामी केली. तेल काठावरून ओसंडलं आणि पसरत उंबऱ्याकडे निघालं.

"आणि थर फारच पातळ असला तर?"

"परदेशात विहीर आडवी नेतात म्हणे."

भरणी काही आडवी होईना, म्हणून सेतुराम स्वतः आडवे झाले आणि वाटीने जमिनीवरचं तेल टिपू लागले.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी भामाबाई आल्या. "हे काय चाललंय?"

"पाणी सोडलं."

"तेलात?"

"तेलासाठी."

भामाबाईंनी जावयाला हाक मारली, यांना काहीतरी झालंय म्हणून. वैद्यनाथ धावत आला, उंबऱ्यावर पाय सटकला आणि उताणा घसरत थेट भरणीपाशी येऊन थांबला. शेंडीपासून टाचेपर्यंत तेलच तेल.

भामाबाईंनी त्याला नीट न्याहाळलं आणि शांतपणे आरतीचं तबक उचललं. "लागलं सगळीकडे. आता उठा, पाणी तापलंय."

सेतुराम मात्र अजून आडवेच होते. "मापिळे, इतकं झालं की तुमच्याकडे पुढे काय करतात?"

"ठाऊक नाही, मामा," वैद्यनाथ आढ्यावरचे मिरे बघत म्हणाला. "मी तिथे टायपिस्ट. पुढचं पान अजून माझ्याकडे आलेलं नाही."