गुरप्पाकाकांची पडणारी भिंत

मुरुम गावातले गुळाचे व्यापारी गुरप्पाकाका यांच्या घराची दक्षिणेकडची भिंत दर हिवाळ्यात पडत असे. पडत असे म्हणजे, काका स्वतः पहार घेऊन ती पाडत. शिवरात्र झाली की दगड-मातीने पुन्हा बांधत. कोणी विचारले तर शांतपणे म्हणत, "यंदाबी पडली बघा. भिंतच ती, काय भरवसा?"

गंगव्वाकाकू संधिवाताने खाटेला खिळल्या होत्या. बोटे आखडून मूठ झालेली. थंडीतले ऊन दक्षिणेकडून तिरपे येते. ते खाटेवर पडले की हळूहळू बोटे सुटत आणि काकू आपल्या हाताने कपाळाला विभूती लावत. एरवी ती काका लावत, आणि हमखास भुवईवर.

पण दक्षिणेला दार म्हणजे यमाला वाट. काकांच्या थोरल्या भावाने, शिवलिंगप्पांनी, बजावले होते, "तिकडं दार केलंस तर तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाय." काकांनी दार केलेच नाही. चौकट नाही, उंबरा नाही. "कवाड लावलं की दार होतंय, दादा. हे नुसतं भगदाड हाय."  शिवलिंगप्पा पाणी पीत राहिले, पण भगदाडाकडे पाठ करून.

ऊन आत आले की काका गिऱ्हाईक सोडून उठत. पाहुण्याला 'या, या' म्हणावे तसे कानडीत "बर्री, बर्री" म्हणत. त्या उन्हातून कोणाला चपला घालून जाऊ देत नसत. काकू म्हणत, "माझ्यापेक्षा उन्हाचीच बडदास्त लई."

मी त्यांच्या शेजारचा, तेव्हा हैदराबादला कॉलेजात होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते. त्यामुळे शिकलेले सांगायची मला हौस होती आणि धास्तीही. एका सुट्टीत काकांनी विचारले, "उन्हाळ्यात डोक्यावर असणारा सूर्य थंडीत दक्षिणेला का जातो रं?"

मी लिंबात दाभण खुपसले आणि ते तिरपे धरून गुळाच्या ढेपेभोवती फिरवू लागलो. निजामाच्या राज्यात भूगोल उर्दूतून शिकलो होतो, मराठी शब्द चाचपडावे लागत होते. "ढेप म्हणजे सूर्य. तो जागेवरच आहे, काका. पृथ्वीचा आस कललेला आहे."

"गाडीचा आस कलला तर गाडी उलथती."

"पृथ्वी नाही उलथत. कललेली आहे म्हणूनच ऋतू होतात. उन्हाळ्यात आपली बाजू सूर्याकडे झुकलेली असते, थंडीत पलीकडे. मग सूर्य दक्षिणेला, खाली दिसतो."

काकांनी लिंबावरची मुंगी झटकली. "आन् सरळ असती तर?"

मी भगदाडाकडे पाहिले. "तर वर्षभर ऊन भगदाडाशीच थांबले असते. खाटेपर्यंत आले नसते."

काकांनी लिंबू हातात घेतले, दाभण सरळ केले, खाटेकडे पाहिले, पुन्हा तिरपे केले. "मग ऱ्हाऊ दे तशीच," ते म्हणाले. मी पृथ्वी दुरुस्त करायलाच आलो होतो, असा त्यांचा सूर होता.

काकू खाटेवरून म्हणाल्या, "आता सरबत करा त्या पृथ्वीचं."

पुढच्या पावसाळ्यात काकू गेल्या. थंडीत मी गावी आलो तेव्हा शिवलिंगप्पा वाटेत भेटले. "यंदा भिंत पडायची न्हाय," म्हणाले. "आता कुणासाठी पाडायची?"

मी काकांकडे गेलो. पहार कोपऱ्यात टेकवलेली होती आणि भगदाडासमोर दगडांचा ढीग होता. खाट जुन्याच जागी, वर धुतलेली वाकळ, उशाशी विभूतीची वडी. काका खाटेच्या कडेला बसले होते. त्यांच्या भुवयांना काही लागले नव्हते, कपाळावर विभूती नीट, सरळ, काकू लावत तशी लावलेली होती.

"काका, भिंत..." मी म्हणालो.

"पडली यंदाबी."

तेवढ्यात ऊन जमिनीवरून सरकत खाटेच्या पायाशी आले. मी चपला काढल्या. काका "बर्री" म्हणाले आणि जागा करून देण्यासाठी आणखी थोडे कडेला सरकले.