सातव्या बाईस हजर करावे

हुजूर, आमच्या गावची गुरं तुम्ही तहानेनं मारायला काढली होती, आणि तीही एका माणसाच्या मौजेखातर! खोटं असेल तर तसं सांगा. पण हुकमावर सही तुमची आहे, आणि सही वाचण्यापुरतं आम्हालाही येतं. ऐन वैशाखात आमच्या सुलतानपुराच्या आसपासच्या विहिरींना चिखल लागलेला, आणि तुम्ही आमचं एकुलतं एक तळं बंद केलंत. का? तर तुमच्या बंगल्यावर उतरलेल्या गोऱ्या पाहुण्याचं मन रमेना!

हा पाहुणा म्हणे दरसाल दूरच्या समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर सुटी घालवायचा. तिथं माणसं लांबलचक फळीवर उभी राहतात आणि लाटांवरून घसरत काठाला येतात. पडली की हसतात आणि पुन्हा जातात. यालाच तिकडे विसावा म्हणतात! यंदा त्याला वऱ्हाड सोडता येईना. मग मोटारीतून जाताना एकदा त्याला आमचं तळं दिसलं, तळ्यात बेट दिसलं, बेटावर शिंदीची झाडं दिसली, आणि त्या शिंदीत त्याला नारळ दिसले. झालं! आठवडा उलटायच्या आत चावडीवर हुकूम आला. तो पुंजाजी पाटलानं उभ्यानं वाचला, आणि बसून पुन्हा वाचला.

"सदर तळ्यात लाटा नसल्याचे तपासाअंती दिसून आले आहे. सबब पाहुण्यांस लाटांवरील खेळ वगळून अन्य करमणूक गावाने पुरवावी. पाहुणे बेटावर असेतो गुरे तळ्यावर आणू नयेत, कारण शेणाचा वास सुटीस बाधक आहे. पाहुणे नाराज होऊन परतल्यास तळे कायमचे बंद करण्यात येईल, हे समजून असावे."

पुंजाजी पाटील म्हणजे उंच, आडवा, आणि मिशा अशा की दारातून आधी मिशा यायच्या, मग पाटील! त्यानं त्या मिशांवरून हात फिरवला आणि चावडीभर ऐकू जाईल असा बोलला, "त्यात काय हाय बे! दोन दिवसात त्या सायबाचं मन असं भरवतो, का तोच हात जोडून म्हनीन, पाटील, आता पुरे! खुशीत जाईन घरी. अन् गुरं पान्यावर!"

त्याची बायको गीताबाई चावडीच्या भिंतीआड उभी होती. ती तिथूनच बोलली, "अवो, बेट कोनाचं हाय, ते सांगतलं का सायबाले?"

चावडीतल्या माना तळ्याकडं वळल्या.

बेट साती आसरांचं, पाण्यात राहणाऱ्या सात देव्यांचं. शिंदीखाली शेंदूर फासलेले सात दगड. बाया कडूबा भोयाच्या डोंग्यातून ओटी घेऊन जातात, हिरव्या बांगड्या वाहतात, आसरांची गाणी म्हणतात आणि अंधार पडायच्या आत परततात. पण सात बाया मिळून कधीच जात नाहीत. सहा जातील, आठ जातील. म्हातारी सत्यभामाबाई घाटावर उभी राहून एकेकीच्या खांद्याला हात लावून मोजते, तेव्हा कुठं कडूबा डोंगा सोडतो. सात गेल्या तर आसरांना वाटतं, आपल्या जागी बदली बाया आल्या. मग सातांतली एक तिथंच राहते. डोंग्यातून सातही परत येतात, बरं का! पण त्यांतली एक ती नसते. भाकर तशीच थापते, लेकरू तसंच कडेवर घेते. फक्त तिचं लुगडं कधी पुरतं वाळत नाही.

"आता सायबाले आसरा समजावत बसू का?" पुंजाजी गुरकावला. पण आवाज एक पायरी खाली उतरला होता.

पाहुणा आला तो भर दुपारी. पुढं साहेब, त्याच्यामागं कचेरीचा कारकून नारायणराव, आणि मागं वेठीला धरलेली चार माणसं. त्या चौघांच्या खांद्यावर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी! रस्त्यावरच्या माणसांनी पागोटी उतरवली. सत्यभामाबाईनं पदर तोंडाला लावून सूर काढला, "कोन गेलं वं माय!"

"कोणी गेलं नाही!" नारायणराव ओरडला. "साहेबांची फळी आहे ती! लाटांवरची!"

"लाटा नाही त मंग आनली कायले?"

"ती त्यांच्याबरोबरच असते."

"भुतावानी?" गीताबाईनं विचारलं.

नारायणरावानं कडूबाला डोंगा आणायची खूण केली. फळी डोंग्यातून बेटावर गेली आणि साहेबानं ती, दुसरी जागा नसल्यासारखी, सात दगडांच्या ओळीत उभी रोवली. सातांच्या शेजारी आठवी! बेटावर रोज वस्तीला येणारे बगळे त्या संध्याकाळी आले, तळ्यावर एक फेरी मारली आणि माळाकडं निघून गेले.

पुंजाजीनं करमणूक सुरू केली. पहिल्यांदा दंडार नेली, आमच्याकडची सोंगं नाचवणारी मंडळी. तोंडाला काजळ फासलेला राक्षस आरोळी ठोकून साहेबाच्या अंगावर गेला. साहेब घाबरून पळेल की काय असं वाटलं. छे! साहेबानं राक्षसाच्या कमरेला हात घातला आणि त्याच्याबरोबर नाचला. मग मोहोळ काढून दाखवलं. माश्या उठल्या, कडूबाचं तोंड भोपळ्याएवढं झालं, आणि साहेब पाण्यात बुडी मारून खदाखदा हसला. शेवटी गीताबाईनं पाट्यावर असा ठेचा वाटला की वाटतानाच शेजारची घरं शिंकायला लागली. साहेबानं तो बोटानं चाटला, रडला, आणि आणखी मागितला!

"साहेब फार खूश आहेत!" नारायणराव आनंदानं सांगत आला. "सुटी वाढवताहेत!"

पुंजाजी मटकन खाली बसला. गावात गुरं हंबरत होती. त्याचा लाडका मोरा बैल गोठ्यातली कोरडी दगडी डोण चाटत होता, आणि तो खरखरीत आवाज पुंजाजीपर्यंत येत होता.

"काऊन, भरलं का सायबाचं मन?" गीताबाईनं विचारलं.

"गीते, जखमेवर मीठ नको चोळू."

"मीठ कुठलं? मोरा मरून राह्यला तिकडं! बैल गेला त पेरनीले तुमच्या मिशा जुंपू का?"

नारायणराव खाकरला. "एक उपाय आहे. साहेबांना इथल्या बायकांची गाणी ऐकायची आहेत. तेवढं झालं की निघू म्हणतात."

सत्यभामाबाईनं घाटावर खांदे मोजले. सहा. म्हातारी स्वतः त्यात होती. साहेबाच्या हौसेखातर या वेळी दिवेलागणीला डोंगा गेला, बायांनी दगडांपुढं दिवे ठेवले आणि गाणं उचललं. पुंजाजी काठावर उभा होता. वारा पडलेला, तळं तव्यासारखं सपाट, एक बेडूक ओरडत नव्हता. गाणं पाण्यावरून येत होतं आणि त्या सहा आवाजांच्या खाली आणखी एक आवाज होता. बारीक, गार, विहिरीच्या तळातून यावा तसा. बाया परतल्यावर त्यानं विचारलं, "तो खालचा सूर कोनाचा होता?" प्रत्येकीनं दुसरीकडं बोट दाखवलं.

सकाळी नारायणराव डोंग्यातून उतरला तेव्हा त्याची टोपी उलटी होती. "पाटील, साहेब विचारतात, सातवी बाई कोण?"

"सातवी? सहा होत्या."

"तेच मी म्हणालो. ते म्हणतात, सहा डोंग्यातून गेल्या, एक मागं राहिली. ती फळी पाण्यावर टाकून तिच्यावर बसली आणि तळ्याच्या मध्यापर्यंत गेली. वल्हं नाही, वारा नाही, पाण्यावर वळी नाही! साहेब म्हणतात, लाटेशिवाय चालणारा असा खेळ त्यांच्या त्या बेटावरसुद्धा नाही. त्यांना तो शिकायचा आहे."

"मंग तुमी काय म्हनलं?"

"मी काय म्हणणार? साहेबांनी वर कळवलं."

आणि हुजूर, तुम्ही काय केलंत? विचारलंत? चौकशी केलीत? तुम्ही हुकूम काढलात! "करमणूक करणाऱ्या सातव्या बाईस पाहुण्यांपुढे हजर करावे. हयगय झाल्यास पाहुणे नाराज समजून तळे कायमचे बंद करण्यात येईल." एवढं मोठं राज्य चालवता, आणि समन्स कोणाला काढतो आहोत याचा पत्ता नाही!

पुंजाजीनं तो कागद हातात धरून चावडीला विचारलं, "कोन जाते सातवी?" चावडीतले पुरुष छताकडं पाहू लागले. बायांनी घरांची दारं लावून घेतली. कोण आपली सून, आपली लेक सातवी म्हणून देणार? शेवटी गीताबाईच बोलली, "पाटील तुमी. हुकूम तुमाले. माहं हिरवं लुगडं घ्या."

"मी? बाईमानूस?"

"दोन दिवसात मन भरवतो म्हननारा कोन होता?"

घाटावर मोठाच वाद झाला. पुंजाजी हिरव्या लुगड्यात उभा, दातांत पदर धरलेला, पदराच्या दोन्ही बाजूंनी मिशांची टोकं बाहेर. सत्यभामाबाईनं खांदे मोजले आणि त्याच्यापाशी हात थांबला.

"याले धरू का नको धरू?"

"नको धरू, बुढे!" कडूबा सुजलेल्या तोंडानं म्हणाला. "मानूस बायात कसा मोजावा?"

"पन लुगडं त बाईचं हाय."

"मिशा हायेत ना!"

"आसराले अंधारात मिशा दिसतीन का?"

प्रश्न नारायणरावाकडं गेला. तो कचेरीच्या आवाजात म्हणाला, "कागदोपत्री पाटील हे पुरुष आहेत." म्हातारीनं मान हलवली. "सहाच मंग. सोड डोंगा." शेकडो वर्षांत आमच्या गावानं आसरांचा हिशेब कचेरीच्या मतानं केला, तो त्या एका संध्याकाळी!

गीताबाई डोंग्यात नव्हती. ती घाटावर उभी राहून डोंगा दूर जाताना पाहत होती. साहेबाचे डोळे बेटाच्या पुढच्या अंगाला लागलेले असणार, हे तिनं आधीच ताडलं होतं. ती वळली आणि गोठ्याकडं चालू लागली.

डोंगा तळ्याच्या मध्याला आला. बेटावर साहेब उभा, शेजारी कंदील, मागं ती फळी. साहेबानं हसत बोटानं मोजायला सुरुवात केली. मोजता मोजता त्याचं हसू थांबलं. तो इंग्रजीत काहीतरी बोलला. नारायणराव डोंग्याच्या टोकाला बसला होता, त्यानं वळून बाया पुन्हा मोजल्या.

"काय म्हनते?" पुंजाजीनं पदराआडून विचारलं.

"आठ म्हणतात."

"बाया? त्याले मोजता येत नाही का?"

पुंजाजीनं खाली पाहिलं. कडूबा आणि नारायणराव सोडले तर डोंग्यात सहा बाया आणि तो. पाणी आरशासारखं. पाण्यात सहा बाया, तो, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेली आणखी एक. बाकी सगळ्या पडछाया खाली मान घालून होत्या. ती मान वर करून त्याच्याकडं पाहत होती. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, आणि पाण्याखाली त्या वाजत होत्या. तो आवाज त्यानं आमच्यापैकी प्रत्येकाला सांगितला आहे.

"सायेब," तो पुटपुटला, पण साहेबाला नव्हे, "मले मोजू नको. मी पाटील हाय."

बेटावरची फळी आपोआप झुकली, आडवी झाली आणि चुपचाप पाण्यात उतरली. सत्यभामाबाई किंचाळली, "सात झाले वं बाई! यालेही धरलं तिनं!" डोंगा कलला. बाया एकमेकींना बिलगून डोंग्यातच राहिल्या. पुंजाजीला बिलगायला कोणी नव्हतं. तो गेला!

पाणी डोक्यावरून गेलं, गार हात पायाला लागला, की शेवाळ लागलं, देव जाणे. हातपाय मारताना छातीखाली फळी आली. आणि मग ज्या तळ्यात लाटा नसल्याचं तुम्ही तपासाअंती ठरवलं होतं, त्या तळ्याच्या मधोमध पाणी फुगलं. आवाज न करता, भिंतीसारखं. फळी उचलली गेली, फळीवरचा पाटील उचलला गेला, आणि भीतीनं तो ताठ उभा राहिला! हिरवं लुगडं मागं फडफडतंय, मिशांतून पाणी गळतंय, तोंडातून बोंब निघतेय, असा आमचा पाटील लाटेवरून घसरत काठाकडं निघाला. साहेबानं आयुष्यभर केला तोच खेळ! पण तो पाहायला साहेब थांबला नाही. बेटाच्या मागच्या अंगाला पाणी गुडघाभर होतं. तो अनवाणी, कंदील टाकून, मलकापूरच्या गाडीच्या दिशेनं जो सुटला तो सुटलाच.

काठावर गीताबाईनं सगळ्या गावची गुरं आणून सोडली होती. लाट आली ती त्या गुरांच्या तोंडाशी फुटली. पुंजाजी मोराच्या पुढ्यात येऊन पडला. बैलानं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि पाणी प्यायला लागला. पोटाच्या खोलगट बाजू भरेपर्यंत पीत राहिला.

आता तुमचा नवा हुकूम आला आहे. "गुरे पाण्यात शिरल्याने तळ्यात लाटा उत्पन्न होतात. सबब तळे बंदच ठेवावे." हुजूर, गुरं या काठाला होती. लाट मधून त्यांच्याकडं आली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आम्हालाही एवढं कळतं! आधी लाटा नाहीत म्हणून छळलंत, आता आहेत म्हणून छळता? बंदीची पाटी लावायला आलेला तुमचा शिपाई घाटावरच्या लिंबापर्यंत आला, बांगड्यांचा आवाज ऐकला, आणि पाटी आमच्याच हातात देऊन गेला. आम्ही गुरं रोज नेतो. नेणारच.

पुंजाजी घरी आहे. तब्येत बरी आहे. पण तो आता सकाळी उठून अंगण झाडतो, घागरी भरतो, आणि गीताबाईला उलटून बोलत नाही. लोक तिला आडून आडून विचारतात, "पाटील तोच हाय ना?" ती दोरीवरचं त्याचं धोतर पिळते. वैशाखाच्या उन्हात दिवसभर टांगलेलं धोतर, आणि त्यातून पाणी गळतं!

"कोन बी असो," ती म्हणते, "पहिल्यापक्षा बरा हाय."

तिचं भागलं. आमचं नाही. सातव्या बाईला हजर करा म्हणून सही तुम्ही केलीत. ती हजर झाली, गावानं पाहिलं, तुमच्या पाहुण्यानं पाहिलं, आणि अजून ती परत गेलेली नाही. आता तिचं काय करायचं, हुजूर? लेखी कळवा!