चार काळ्या साड्या आणि पंचविसावा पक्षी

सुमन अंबाडकरने एकदा ठरवलं की ते झालंच म्हणून समजायचं. विमा कंपनीत अठरा वर्षं दावे तपासलेली बाई! कागद अपुरे असतील तर ब्रह्मदेवाचाही दावा परत पाठवील. तर या सुमनने डिसेंबर संपता संपता प्रतापनगरच्या आपल्या फ्लॅटवर तीन मैत्रिणींना बोलावलं, आलं घातलेला चहा पाजला आणि जाहीर केलं की येत्या वर्षभरात आपण चौघींनी मिळून पक्ष्यांच्या दोनशे जाती पाहायच्या. एक वही, एक यादी. एक रविवार सोडून एक रविवार सकाळी निघायचं आणि संध्याकाळी घरी. जयपूरच्या आसपास थंडीत एवढे पाहुणे पक्षी उतरतात, की दोनशे म्हणजे हातचा मळ!

सुमनला पक्षी हवे होते हे खरंच. पण त्याहून जास्त तिला रविवार हवे होते. नवऱ्याची बदली गुवाहाटीला, मुलगी वल्लरी पुण्याच्या हॉस्टेलवर. सोमवार ते शनिवार ऑफिसात निघून जायचे. रविवार मात्र तीन खोल्यांत हिंडून हिंडून संपत नसे. गेल्या रविवारी तिने बाल्कनीतली कबुतरं मोजली होती. दोनदा. हे ती कुणाला सांगणार?

मैत्रिणींपैकी रुचिताकडे सात सीटची गाडी होती, त्यामुळे तिच्या मताला वजन होतं. जगतपुऱ्याची सोनम रेल्वेत होती, जन्मच जयपूरचा, तिचं मराठी दर दोन वाक्यांनी हिंदीत पाय घसरून पडायचं. ती कशालाही तयार असे. खरी अडचण होती रमाताईंची. रमाताई महाराष्ट्र मंडळाच्या चिटणीस, वयाने सगळ्यांत मोठ्या आणि रविवारच्या तंबोल्याच्या सर्वेसर्वा. पक्षी म्हटल्यावर त्यांनी नाक असं काही मुरडलं, की वाटावं चहात माशी पडली! शेवटी त्यांनीच अट घातली. संक्रांतीच्या सुटीला एकदा जाऊन बघू. दुपारी बारापर्यंत पंचवीस जाती दिसल्या तर वर्षभर येऊ. चोवीस दिसल्या तर तंबोला, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.

सुमनने अट तत्काळ मान्य केली. पंचवीस काय, पन्नास दाखवते म्हणाली.

संक्रांतीच्या पहाटे रुचिताची गाडी खाली आली. सुमनने सगळ्यांना बजावलं होतं की कपडे मातकट घाला, पक्ष्यांना भडक रंग चालत नाहीत. गाडीचं दार उघडलं तर आत तीन काळ्या साड्या! संक्रांतीला आपल्यात काळं नेसतात, ती तर रीतच. शिवाय परतल्यावर तडक हळदीकुंकवाला जायचं, मध्ये साडी बदलायला वेळ कुठला, असं रमाताईंचं म्हणणं. आणि जयपूरच्या थंडीत काळं ऊबही देतं. सुमन एकटीच खाकी पँटमध्ये. रमाताईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती निमूटपणे वर गेली आणि काळी साडी नेसून आली. वर्षभराच्या रविवारांचा प्रश्न होता, पँटचा हट्ट कशाला धरायचा?

टोंक रोडने सांगानेरच्या पुढे तासभर गेलं की डावीकडे बीरमसर नावाचं गाव लागतं आणि गावामागे तळं. धुकं होतं, कडाक्याची थंडी होती. सुमनने तळ्याच्या बांधावर तिघींना उभं करून नियम सांगितले. एकीमागे एक चालायचं. बोलायचं नाही. हातवारे नाहीत. आणि मी खात्रीने ओळखल्याशिवाय वहीत काही चढणार नाही.

सुरुवात तर अशी झकास झाली! रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा, चक्रवाकाच्या जोड्या, लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे, काळेकुट्ट वारकरी पक्षी. साडेआठला अकरा जाती झाल्या, साडेनऊला एकोणीस. रुचिताने दोनदा नवीन बदक म्हणून जे दाखवलं ते आधीचंच निघालं, सुमनने दोन्ही वेळा काट मारली. सोनमने ससाणा पाहिला, पण शेपटी पाहिली नाही, म्हणून तोही बाद. दहा वाजता आकडा तेवीसवर होता, आणि रमाताई चक्क दुर्बीण डोळ्यांवरून काढायला तयार नव्हत्या. सुमनच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

आता या वेळी गावात काय चाललं होतं, ते या चौघींना कुठून कळणार? महिन्याभरापासून एक ठेकेदार शहरातल्या पाडलेल्या इमारतींचा मलबा ट्रॅक्टर भरभरून तळ्यात टाकत होता. गावाच्या पंच द्वारकादेवींनी अर्ज करून पाहिले, मग शहरातल्या कुठल्याशा महिला संघटनेला फोन केला. त्या बायकांनी एक दिवस येऊ असं कबूल केलं होतं. सकाळी शेण काढताना द्वारकादेवींनी बांधाकडे पाहिलं, तर शहरी वेशातल्या चार बायका. चौघींच्या अंगावर काळं. सणासुदीच्या दिवशी काळं! एका रांगेत, तोंडातून चकार शब्द नाही. पुढारीण मध्येच थांबते, दुर्बिणीने मलब्याकडे बघते आणि वहीत काहीतरी टिपून घेते. मूक मोर्चा, दुसरं काय? द्वारकादेवींनी हातातलं घमेलं खाली ठेवलं, दोन जावांना हाक मारली आणि गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन चालू लागल्या.

सुमनला मागे पावलं ऐकू येत होती. तिला वाटलं रमाताईंच्या चपला. थोड्या वेळाने तिला वाटलं, रमाताईंच्या चपला फारच झाल्या. पण नियम म्हणजे नियम, मागे वळून बोलायचं नाही. समोर पाणगवतात चोविसावा पक्षी, शंकर नावाचा निळ्या गळ्याचा चिमुकला पाहुणा, शेपटी वर करून बसला होता. सुमनने तो नोंदवला, समाधानाने मागे वळली आणि तिची वहीच हातातून पडली. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल, पिवळ्या, केशरी ओढण्यांची रांग! साठ बायका तरी असतील. मागे फेटेवाले म्हातारे. दोन बकऱ्यासुद्धा.

"सुमनताई," सोनम दबक्या आवाजात म्हणाली, "मतलब, हे सगळे पण पक्षी बघायला आले काय?"

तेवढ्यात मलब्याने भरलेला ट्रॅक्टर धडधडत आला. समोर काळ्या साड्यांची पुढारीण, गळ्यात दुर्बीण, हातात पेन. चालकाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मागच्या साठ बायकांकडे, आणि जागच्या जागी ट्रॅक्टर उभा केला. दहा मिनिटांत ठेकेदार जीपने हजर झाला. सुमनला हात जोडून विचारू लागला की मॅडम कुठल्या खात्याच्या. सुमन खोटं बोलणारी नव्हे. तिने सांगितलं, विम्याच्या ऑफिसात आहे, नुकसानीची तपासणी करते. ठेकेदाराच्या तोंडचं पाणी पळालं.

सुमन खुलासा करणार होती. खरंच करणार होती. पण तेवढ्यात द्वारकादेवींनी रमाताईंना धरून मलब्याच्या ढिगाजवळच्या दगडावर चढवलं आणि दोन शब्द बोलायची विनंती केली. इथे सगळं हाताबाहेर गेलं. वीस वर्षं मंडळाच्या चिटणीस असूनही रमाताईंना आभारप्रदर्शनापलीकडे कधी कुणी बोलू दिलं नव्हतं! त्यांनी चष्मा काढून हातात घेतला, कारण समोरची माणसं नीट दिसली की त्यांना घाम फुटतो, आणि सुरू झाल्या. सुरुवात त्यांनी प्रामाणिकपणेच केली, की हम तो इधर शांती से पक्षी देखने कू आए थे. पण पुढे त्यांना असा काही सूर लागला की सैबेरियातून येणारे पाहुणे, त्यांच्या ताटात आपण टाकलेली माती, माहेरी आलेल्या लेकीला कुणी दगड वाढतं काय, असं एकेक निघू लागलं. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. म्हाताऱ्यांनी घोषणा दिल्या. पहिल्याच घोषणेला रोहितांचा अख्खा थवा उठला. दुसरीला बदकं गेली. तिसरीला टिटवीसुद्धा शिव्या देत निघून गेली!

ठेकेदाराने सगळ्यांसमोर लिहून दिलं की आठवड्याभरात मलबा उचलतो. ट्रॅक्टर भरलेला होता तसाच परत गेला. गावाने चौघींना तिळाचे लाडू खाऊ घातले, रमाताईंना तर हारही घातला. सुमन तेवढी बांधावर बसून रिकाम्या तळ्याकडे बघत होती. पाण्यावर एक पीस तरंगत होतं. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती आणि वहीत चोवीस पक्षी होते.

परतताना गाडीत रुचिता आणि सोनमचं हसणं थांबत नव्हतं. सुमन मात्र वहीतली यादी पुन्हा पुन्हा मोजत होती. तळं वाचलं याचा आनंद होताच, पण आता पुन्हा त्या तीन खोल्या, ती बाल्कनी, ती कबुतरं. शेवटी तिनेच विषय काढला. म्हणाली, अट ती अट. चोवीस झाले, रविवारी तंबोल्याला येते मी.

रमाताई हार मांडीवर घेऊन बसल्या होत्या.  त्या म्हणाल्या, "त्या ढिगावरच्याला तू धरलंस का गं?"

"कुठल्या?"

"मी बोलत होते तेव्हा अगदी जवळ बसला होता. हिरवं डोकं, पिवळं पोट आणि ही एवढी लांब लाल शेपटी. एवढा आरडाओरडा झाला, सगळे उडून गेले, पण हा बेटा हलला नाही. शेवटपर्यंत शेपटी हलवत माझं भाषण ऐकत होता." त्यांनी मांडीवरचा हार जरा सारखा केला. "मी त्याच्याकडे बघूनच बोलले, सुमन. नाहीतर माझ्याच्याने झालं नसतं."

 सांगानेर जवळ आलं होतं आणि आकाशात संक्रांतीचे पतंग दाटले होते. हिरवे, पिवळे, लाल शेपट्यांचे. तसलाच एक मलब्यातल्या लोखंडी सळईला अडकून फडफडताना सुमनने दुर्बिणीतून स्वतः पाहिला होता. सोनमनेही पाहिला असावा, कारण ती खिडकीकडे तोंड करून पदराचा बोळा तोंडात कोंबत होती. आरशात रुचिताचे डोळे सुमनवर खिळले होते.

अठरा वर्षांत सुमनने खोटा कागद एकदाही पास केला नव्हता. तिने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "शेपटी नीट पाहिलीत ना, रमाताई?"

"अगदी नीट."

"मग झालं," सुमन म्हणाली आणि तिने पंचवीस लिहिलं.

रमाताईंनी लगेच विचारलं की पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं, आणि पराठे कुणी आणायचे.

वर्षाच्या शेवटी यादी दोनशे सातवर गेली. कुणी विचारलंच तर सुमन हळूच दोनशे सहा सांगते, आणि रमाताई जवळ असल्या तर तिथल्या तिथे तिची चूक दुरुस्त करतात.